प्लग काढला, तरी वीज शिल्लक!

जुन्या एलसीडी पडद्यामागे शंभर वॉटचा एलईडी, पुढे भिंग; झाला घरगुती प्रोजेक्टर. १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रे पडद्यावर पाडून ‘शांबरिक खरोलिका’ दाखवली, तीच ही हौस. पण मिहानमधल्या आमच्या रुग्णालयात परवा एक विद्यार्थी बोटे भाजून आला.

“सर, प्लग तर काढला होता!”

प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट दाब काही मिनिटे टिकू शकतो. थांबा, मल्टिमीटरने मोजा, मगच हात लावा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात हवाच; या साठलेल्या विजेपुढे मात्र तोही निरुपयोगी. ओल्या त्वचेतून वीज सहज शिरते, आणि नागपूरच्या मे महिन्यात कोरडे हात कुणाचे असतात? एलईडीकडे रोखून पाहू नका, दृष्टिपटलाला इजा होते. कुणी चिकटलाच तर आधी मेन स्विच बंद करा, मग त्याला हात लावा आणि १०८ ला फोन करा. शॉकनंतर छातीत धडधडले किंवा चक्कर आली, तर ईसीजी काढाच.

त्याचा ईसीजी नीट निघाला. जाताना विचारतो, “सर, प्रोजेक्टर पूर्ण करू ना?”

“कर. पण सप्लाय तयार, बंद डब्याचा घे,” मी म्हणालो.