बॅटरीवरची हत्यारे घेताना



ट्रॉलीची दुरुस्ती, गोठ्याचे पत्रे अशा कामांसाठी बॅटरीवरचे ड्रिल व ग्राइंडर घेताना आकडा नीट वाचावा. मकिता, बॉश यांच्यावर १८ व्होल्ट असते, डिवॉल्टवर २०. म्हणून २० ची ताकद जादा, असे नाही. दोन्हींत ३.६ व्होल्टचे सेल पाच-पाच ओळीने जोडलेले असतात. २० हा भरलेल्या बॅटरीचा, भार नसतानाचा आकडा.

खरा हिशेब व्होल्ट गुणिले अँपिअर-तास (बॅटरीवर ‘एएच’) असा करावा. १८ व्होल्ट, २ एएच म्हणजे ३६ वॅट-तास. ५ एएच म्हणजे ९०. ग्राइंडरने ६०० वॅट ओढले, तर ९० वॅट-तास नऊ मिनिटांत संपतात! सतत कापाकापी असेल तर वायरचाच ग्राइंडर बरा. ड्रिल थांबून थांबून चालते, त्याला लहान बॅटरीही पुरते.

एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या हत्यारात बसत नाही. तालुक्याला कोणाची बॅटरी आणि दुरुस्ती मिळते, ते आधी विचारा. नाहीतर मशीन चांगलं, पण बॅटरी मिळेना, अशी गत होते.

लिथियमची बॅटरी उन्हात ट्रॅक्टरवर ठेवू नये. हंगाम संपल्यावर निम्मी भरून सावलीत ठेवावी. पार रिकामी ठेवली तर खराब होते.