शंभर घरं सोडून तुमच्याच दारात का?

सकाळची गडबड चालू असते. दूध डेअरीवर गेलेलं, जनावरांना वैरण टाकायची राहिलेली, आणि नेमका त्याच वेळी कोणी पोरगा नाहीतर पोरगी हातात फॉर्म, हल्ली टॅब, घेऊन दारात उभी राहते. 'काका, पाहणी आहे. वीस मिनिटं लागतील.' ही वीस मिनिटं तासभर चालतात हे तुम्हाला अनुभवानं ठाऊक असतं. जमीन किती, घरात माणसं किती, कर्ज कुणाचं, रात्री झोप लागते का? तुम्ही मनात म्हणता, आळीतली शंभर घरं सोडून हा माझ्याच दारात का? आणि माझी झोप विचारून याला काय करायचंय?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिला आधी घेऊ.

शितावरून भाताची परीक्षा हे आपल्या घरातल्या बायामाणसांना कुणी शिकवावं लागत नाही. पण त्या परीक्षेची एक अट आहे. भात खालीवर केलेला पाहिजे. वरचंच शीत दाबून पाहिलं आणि खाली करपलेलं असलं तर परीक्षा फुकट गेली. गावाचंही तसंच आहे. पाहणी करणारा डांबरी रस्त्यावर उतरला, ग्रामपंचायतीत चहा प्याला आणि जवळची दहा घरं विचारून परत गेला, तर त्याच्या कागदावर गावातले पुढारी आणि दुकानदार तेवढे येतात. मळ्यातली वस्ती, ओढ्यापलीकडचा तांडा, दलित वस्ती राहून जाते. बीडकडच्या गावात हाच माणूस दिवाळीनंतर गेला तर अर्ध्या घरांना कुलूप दिसेल, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली. ज्यांची परिस्थिती जाणून घ्यायची तेच हिशेबात नाहीत.

म्हणून चिठ्ठी टाकतात. सगळ्या घरांची यादी करायची, आकडे काढायचे आणि ज्याचा आकडा निघेल त्याच्याच दारात जायचं. तो घरी नसला तर पुन्हा जायचं, शेजाऱ्याला विचारून भागवायचं नाही. तेव्हा तुमचं नाव निघालं ते कुणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि कुणाच्या डोळ्यात आल्यामुळे नव्हे. निदान तसं निघायला हवं.

पीक कापणीची दोरी

हे नवीन वाटत असलं तरी तुमच्या शेतात हे कधीचंच चालू आहे. पीक विम्याचं गणित ज्या पीक कापणी प्रयोगावर बसतं, तो प्रयोग म्हणजे दुसरं काय? आकड्यांच्या तक्त्यावरून गट नंबर निघतो. मग शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून तक्त्यातल्या आकड्याइतकी पावलं मोजायची आणि तिथेच दहा बाय पाच मीटरचा तुकडा खुंट्या-दोरी लावून आखायचा. शेतकरी म्हणतो, 'साहेब, इथलं पीक खराब आहे म्हणून इथंच घ्या.' साहेबाला वाटतं थोडं पुढं गेलं तर बरं दिसेल. दोघांचंही ऐकायचं नाही, यासाठीच तो तक्ता आहे.

ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत एक नाव आपल्या मातीतलं आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले. दुसरे प्रशांतचंद्र महालनोबिस. त्यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाचा अंदाज नमुना पद्धतीने काढला आणि १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा पाया घातला. या दोन मोठ्या माणसांत वाद झाला तो तुकड्याच्या आकारावरून. महालनोबिस म्हणत, छोटे तुकडे घ्या, पण पुष्कळ घ्या. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की फार छोटा तुकडा घेतला तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. कारण साधं आहे. दोरीवर जे ताट येतं ते आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात आपोआप ते आत ओढतो. तुकडा लहान तेवढी क्षेत्राच्या मानानं कड जास्त, आणि चूकही तेवढी जास्त. यात कुणाची लबाडी नाही. माणसाचं मन तसं चालतं, एवढंच.

ज्वारीच्या ताटाच्या बाबतीत मन असं करत असेल, तर तोंडी जबाबात काय करत असेल?

विचारण्याची रीत

ग्रामसेवक मंडळींना २००२ ची दारिद्र्यरेषेची पाहणी आठवत असेल. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. गुण कमी तेवढा माणूस गरीब. माणशी कपडे किती, हाही त्यात एक प्रश्न होता. उत्तरावर कार्ड अवलंबून आहे हे गावाला कळल्यावर उत्तरं कशी येणार? मी लोकांना दोष देणार नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर रेशन ठरतं, तो चौकशीचा प्रश्न राहत नाही, तो अर्ज होतो.

पण लाभाचा संबंध नसतानाही उत्तर बदलतं. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९९४ ते १९९८ या काळात एक प्रयोग केला. काही घरांना विचारलं, गेल्या तीस दिवसांत खाण्यावर किती खर्च झाला? दुसऱ्या घरांना विचारलं, गेल्या सात दिवसांत किती? कुठल्या घराला कुठला प्रश्न, हे चिठ्ठीनेच ठरलं. सात दिवसांच्या प्रश्नावर खर्च बराच जास्त निघाला, इतका की त्या हिशेबाने देशातल्या गरिबांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. माणसं तीच, भाकरी तीच, फक्त प्रश्नातला काळ बदलला होता.

शिवाय शेजारी कोण उभं आहे यावरही उत्तर ठरतं. सोबत तलाठी असला की शेती तोट्यात जाते. सोबत सोयरा असला की तीच शेती बरी चालते. नवरा खाटेवर बसलेला असताना बाईला 'घरात निर्णय कोण घेतं' हे विचारून उपयोग काय, ते तुम्हीच सांगा. आणि लांबून आलेल्या पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून 'हो, हो, योजना चांगली आहे' म्हणायची आपली खोडही जुनीच.

उसाचं बिल आणि डोकं

आता झोपेच्या प्रश्नाकडे. मानसशास्त्राचे संशोधक असले प्रश्न का विचारतात, याचं एक उदाहरण ऊसवाल्यांनी लक्ष देऊन वाचावं. तमिळनाडूत विलुप्पुरम आणि तिरुवण्णामलै या भागातल्या ५४ गावांतले ४६४ लहान ऊस उत्पादक त्यांनी निवडले. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांचं हे काम २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलं.

त्यांचं कोडं असं होतं. गरीब माणसाचे निर्णय चुकतात असं शहाणे लोक म्हणतात. पण माणूस चुकतो म्हणून गरीब राहतो, की पैशाच्या ओढाताणीनं त्याचं डोकं चालेनासं होतं? श्रीमंत आणि गरीब शेजारी बसवून तुलना केली तर कळणार नाही, कारण दोघांत शंभर गोष्टी वेगळ्या. म्हणून त्यांनी एकाच शेतकऱ्याला दोनदा गाठलं, एकदा तोडीच्या आधी हात रिकामे असताना आणि एकदा तोडीनंतर पैसे आल्यावर. म्हणजे तुलना त्याची त्याच्याशीच. हात किती रिकामे होते? आधी ७८ टक्के लोकांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं, नंतर ४ टक्क्यांनी. कर्ज आधी ९९ टक्क्यांवर, नंतर १३ टक्क्यांवर.

दोन्ही वेळा त्यांना नक्षीतला गाळलेला तुकडा ओळखायला दिला. ही रेव्हनची चाचणी, तिला लिहिता-वाचता यावं लागत नाही. तोडीआधी सरासरी ४.३५ उत्तरं बरोबर आली, तोडीनंतर ५.४५. दुसऱ्या चाचणीत कागदावर '५ ५ ५' दाखवायचं आणि झटकन 'तीन' म्हणायचं, कारण आकडे तीन आहेत. करून पाहा, जीभ 'पाच'कडे ओढते. तोडीनंतर यातही चुका कमी झाल्या आणि वेळ कमी लागला.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांदा कुठलंही काम सोपंच जातं. बरोबर, आणि ही शंका संशोधकांनाही आली होती. त्यांनी चिठ्ठीने शंभर शेतकरी बाजूला ठेवले आणि त्यांना पहिल्यांदाच तोडीनंतर तपासलं. त्यांचेही गुण चांगलेच निघाले. मग ऋतूचा परिणाम असेल का? तर कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली असल्यामुळे तिथेही सगळ्यांची तोड एकदम येत नाही, कित्येक महिने मागेपुढे होते. एकाच महिन्यात कुणाचा ऊस उभा, कुणाचा गेलेला. तोडीच्या पाळीवर आपण जन्मभर चिडत आलो, तीच पाळी इथे संशोधनाच्या कामी आली!

हा शेवटचा शब्द मात्र नव्हे. अमेरिकेत २०१६ साली पगाराच्या आधी आणि नंतर अशीच तुलना झाली, तिथे डोक्याच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. महिन्याच्या पगाराची वाट पाहणं आणि वर्षाच्या उसाची वाट पाहणं सारखं नाही असं मला वाटतं, पण ते माझं मत झालं.

तेव्हा पुढच्या वेळी दारात कोणी आलं तर आधी विचारा: माझं नाव कसं निघालं? उत्तरावर काही लाभ ठरणार आहे का? माझं नाव बाहेर जाणार का? हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि चांगला पाहणीवाला त्यावर चिडत नाही. प्रश्न समजला नाही तर तसं सांगा, अंदाजानं 'हो' म्हणू नका. सरपंच, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी घर दाखवावं आणि तिथून निघून जावं. आणि तुमचं बिल जमा झालंय की अजून यायचंय हा प्रश्न फॉर्मात नसला, तर स्वतःहून सांगा आणि शेऱ्याच्या रकान्यात तारखेसकट लिहून घ्यायला लावा.