दिवे गेले आणि आलेच नाहीत, तर?

वीज जाणे आपल्याला नवे नाही. पण ती एका गल्लीतून नव्हे तर साऱ्या जगातून गेली, आणि तासाभरासाठी नव्हे तर कित्येक दिवसांसाठी गेली, तर घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने काय करावे?

समजा, दुपारचे चार वाजले आहेत. इंदूरमधल्या एका चार मजली इमारतीत दहावीतली मुलगी आजीबरोबर घरी आहे. आई बँकेत, वडील कारखान्यात, दोघेही शहराच्या दुसऱ्या टोकाला. अचानक पंखा थांबतो. समोरच्या इमारतीतलेही पंखे थांबलेले दिसतात. काही तासांनी मोबाईलची रेंज जाते. दिवेलागणीच्या वेळी रस्त्यावरचा एकही दिवा लागत नाही. फ्रीजमध्ये आजीच्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या आहेत आणि गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरले आहे, हे कोणालाच ठाऊक नाही.

या मुलीला आपण काय शिकवून ठेवले आहे? गणित शिकवले, विज्ञान शिकवले, संगणकही शिकवला. पण वीज नसलेल्या घरात चार दिवस कसे काढायचे, हे शिकवले का?

असे खरेच घडू शकते का?

सारे जग एकाच वेळी अंधारात गेले, असे आजवर घडलेले नाही. मात्र ज्या कारणाने ते घडू शकेल, त्या कारणाची चुणूक जगाने पाहिली आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रखर स्फोट दिसला. सुमारे साडेसतरा तासांत त्याचा तडाखा पृथ्वीला बसला. अनेक देशांतील तारयंत्रणा बिघडली, काही तारमास्तरांना विजेचे झटके बसले. त्या चुंबकीय वादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही झाली आणि ती आजही शास्त्रज्ञांना मोलाची वाटते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्यामुळे चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले.

१८५९ मध्ये जगाजवळ फक्त तारा होत्या. आज सारा संसार विजेवर आहे. १३ मार्च १९८९ रोजी तशाच, पण कमी तीव्रतेच्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा अवघ्या दीड मिनिटात कोसळवली. साठ लाख लोक सुमारे नऊ तास विजेवाचून राहिले. २३ जुलै २०१२ रोजी सूर्यावरून असेच एक प्रचंड वादळ सुटले, पण सुदैवाने पृथ्वी त्याच्या वाटेत नव्हती.

वीज जायला सौरवादळच हवे असेही नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी भारताची वीजवाहिनी लागोपाठ दोनदा कोसळली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील सुमारे ६० कोटी लोकांना त्याची झळ बसली. आगगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, पूर्वेकडच्या कोळसा खाणींत कामगार अडकले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईच्या लोकल थांबल्या. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये भरदुपारी वीज गेली, तेव्हा लोक लिफ्टमध्ये आणि रेल्वेत अडकले. अशा वेळी उपयोगी पडले ते खिशातले रोख पैसे आणि सेलवर चालणारे रेडिओ.

यात एक दिलासा आहे. सौरवादळाचा मारा मुख्यतः लांबच लांब वीजवाहिन्या आणि मोठे ट्रान्सफॉर्मर यांच्यावर होतो. घरातली विजेरी, घड्याळ किंवा सौरदिवा त्याने जळून जात नाही. शिवाय ध्रुवाजवळच्या देशांपेक्षा भारताला धोका कमी आहे. सूर्यावर पाळत ठेवणारे भारताचे आदित्य-एल१ हे यानही जानेवारी २०२४ पासून आपल्या जागी पोहोचले आहे. पण मोठे ट्रान्सफॉर्मर निकामी झाले, तर नवे तयार व्हायला महिनोन्‌महिने लागतात, हेही तितकेच खरे.

पहिला तास पाण्याचा

वीज गेली की बहुतेक जण आधी मेणबत्ती शोधतात. खरे तर आधी शोधायला हवी बादली. पंप बंद पडला की गच्चीवरच्या टाकीत उरलेले पाणी हीच पुंजी. नळाला पाणी आहे तोवर हंडे, कळशा, बादल्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून घ्यावा. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर धरले, तर चौघांच्या कुटुंबाला २०० लिटरचे पिंप बारा दिवस पुरते. उन्हाळ्यात अर्थातच त्याहून कमी दिवस. भांडी विसळलेले पाणी संडासासाठी ठेवावे.

साठा संपल्यावर विहीर, हातपंप किंवा तळे यांचा आधार. ते पाणी कापडातून गाळून, चांगली उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्यावे. इंधन नसेल तर सूर्य मदतीला येतो. स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत गाळलेले, गढूळ नसलेले पाणी भरून ती सहा तास कडक उन्हात आडवी ठेवली, तर रोगजंतू मरतात. आभाळ असेल तर दोन दिवस ठेवावी. मात्र रसायने मिसळलेले पाणी याने शुद्ध होत नाही.

अशा काळात जुलाब हा मोठा शत्रू. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवे. चमचा चहाचा, लहान.

चूल, धूर आणि दक्षता

फ्रीज सारखा उघडू नये. बंद राहिला तर तो साधारण चार तास थंड राहतो. आधी दूध आणि शिजवलेले अन्न संपवावे, मग भाज्या, आणि शेवटी कोरडा शिधा. पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, सातूचे पीठ यांना चुलीची गरजच नाही. डाळ-तांदूळ आधी भिजवले तर गॅस वाचतो. एक उकळी आणून पातेले जाड चादरीत गुंडाळून ठेवले, तर भात आपल्याच वाफेवर शिजतो. ही युक्ती आजीला विचारावी, तिला ती नक्की ठाऊक असेल.

एक चूक मात्र जिवावर बेतते. बंद खोलीत शेगडी पेटवणे किंवा जनरेटर चालवणे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. माणूस झोपेतच जातो. शेगडी अंगणात किंवा उघड्या गच्चीतच पेटवावी, जनरेटर घरापासून दूर ठेवावा. मेणबत्ती पडद्याजवळ ठेवून झोपू नये.

आजीचे औषध

इंदूरच्या त्या मुलीची खरी कसोटी इथे आहे. इन्सुलिन फ्रीज बंद पडताच निकामी होत नाही. साधारण २५ ते ३० अंशांखाली ते बहुधा चार आठवडे टिकते. उष्णता वाढली की मात्र त्याचा गुण कमी होतो. बाटल्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा मातीच्या मडक्यात ठेवावा, मडक्याभोवती ओले फडके गुंडाळावे आणि सावलीत वारा लागेल असे ठेवावे. नेमके किती दिवस चालेल, हे डॉक्टरांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवावे. रक्तदाब, दमा, फिट्स यांच्या गोळ्या संपत आल्यावर नव्हे, तर दोन आठवड्यांच्या उरलेल्या असतानाच आणाव्यात.

एकट्याचे काम नव्हे

मोबाईलची बॅटरी गाणी ऐकण्यात संपवू नये. तो बंद ठेवून दिवसातून दोन-तीनदाच रेंज आहे का ते पाहावे. घरात सेलवर चालणारा एक रेडिओ हवा. ऐकलेली प्रत्येक अफवा पुढे सांगायची नाही, हाही नियमच. महत्त्वाचे फोन नंबर वहीत लिहिलेले असावेत. ‘असे झाले तर सगळ्यांनी घरीच यायचे, घर सोडावे लागले तर मामाकडे, आणि जाताना दारावर खडूने लिहून ठेवायचे’, एवढे आधी ठरलेले असले, तर दूरच्या आई-वडिलांचा आणि घरातल्या मुलांचा निम्मा घोर कमी होतो. शहराच्या दुसऱ्या टोकाहून पायी यायला चार तास लागतील, हे माहीत असलेली मुलगी दुसऱ्या तासालाच घाबरून रस्त्यावर धावत नाही.

आणि ती एकटी नाही. तळमजल्यावर विहिरीवरून पाणी शेंदून संसार केलेले आजोबा असतील, शेजारी परिचारिका असेल, समोर गाडी दुरुस्त करणारा असेल. त्यांच्याजवळ अनुभव आहे, मुलांजवळ पाय आहेत. चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला रोज दोन कळशा पाणी पोहोचवणारा मुलगा स्वतःची भीतीही हळूहळू विसरतो. संकटात जो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, त्याला लोक एकटे पडू देत नाहीत.

एक रविवार तालमीचा

हे सारे वाचून भागणार नाही. एखाद्या रविवारी सकाळी घरातला मेन स्विच बंद करावा आणि सोमवारी सकाळीच सुरू करावा. आजीचे औषध त्याआधी सुरक्षित जागी हलवावे. त्या एका दिवसात कळेल की विजेरीतले सेल केव्हाच संपले आहेत, काडेपेटी ओली आहे आणि आईचा फोन नंबर कोणालाच पाठ नाही. या चुका तालमीत झालेल्या बऱ्या.

त्या रात्री मुले गच्चीवर गेली, तर आजीजवळ बसून तिच्या लहानपणच्या कंदिलाच्या गोष्टी ऐकतील. कंदिलाची वात कशी कापायची, हेही ती शिकवील. कोण जाणे, कधीतरी तेच आजीच्या उपयोगी पडेल.