पावसाळ्यात सेप्टिक टाकी का तुंबते?

मुंबईतील भायखळा, लालबाग व परळ या भागांत कोकणातील व घाटावरील अनेक कुटुंबे गिरण्यांच्या काळापासून राहत आली आहेत. त्यांपैकी पुष्कळांनी गावी पक्की घरे बांधली असून शौचालयासाठी सेप्टिक टाकीची सोय केलेली आहे. शहरात मैला महानगरपालिकेच्या भूमिगत वाहिन्यांतून वाहून जातो व त्या वाहिन्यांची निगा पालिका राखते. गावात मात्र ही सारी व्यवस्था घराच्या परसातच असते आणि तिची देखभाल घरमालकासच करावी लागते.

भायखळ्याचा अनुभव

भायखळ्याच्या आसपासचा बराच भाग सखल आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळ हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून समुद्राचे पाणी अडविण्यात आले. तथापि जमिनीचा सखलपणा कायम राहिला. मुसळधार पाऊस व मोठी भरती एकाच वेळी आल्यास गटारे स्वच्छ असूनही पावसाचे पाणी समुद्रात उतरत नाही व रस्त्यांवर साचते. यासाठीच रे रोड येथील ब्रिटानिया केंद्रात ते पंपांनी बाहेर टाकावे लागते.

कोकणात आषाढ-श्रावणात घरोघरी हाच प्रकार लहान प्रमाणात घडतो. शोषखड्ड्याभोवतीची जमीन पाण्याने भरते, तो पाणी घेईनासा होतो आणि टाकीतील पाणी उलट घराकडे चढते.

टाकीचे कार्य

टाकीत जड पदार्थ तळाशी बसून गाळ होतो, तेलकट पदार्थ वर तरंगतात आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. जंतू मैल्याचे बरेच विघटन करतात. परंतु गाळ पूर्णपणे नाहीसा होत नाही. तो वेळीच न काढल्यास पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो व तेथील मातीची छिद्रे बुजवितो. असा खड्डा सहसा पुन्हा सुधारत नाही.

दोष कोठे आहे ते पाहावे

प्रथम पाण्याचा वापर थांबवावा. एकच भांडे तुंबले असेल तर दोष बहुधा त्याच्याच नळीत असतो. सर्वत्र पाणी तुंबल्यास घर व टाकी यांमधील तपासणी-कुंडीचे झाकण दुरून उघडावे. कुंडी रिकामी असेल तर अडथळा घराच्या बाजूस, भरलेली असेल तर टाकीच्या बाजूस असतो. कुंडीकडील अडथळा लांब वेताने किंवा सळईने काढता येतो. टाकीतील पाणी बाहेर जाणाऱ्या नळीच्या वर चढले असेल, तर ती नळी बुजली आहे किंवा शोषखड्डा भरला आहे असे समजावे.

खड्डा पावसामुळे भरला असल्यास टाकी उपसून थोडे दिवसच आराम मिळतो. शिवाय भूजल वर आले असताना प्लास्टिकची हलकी टाकी पूर्ण रिकामी केल्यास ती जमिनीतून वर उचलली जाण्याचा धोका असतो. पाऊस ओसरेपर्यंत पाणी जपून वापरावे व उन्हाळ्यात उंच जागी दुसरा शोषखड्डा करावा.

टाकीत माणूस उतरवू नये

टाकीतील वायूंनी माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु त्याचे प्रमाण वाढले की तो वासही कळेनासा होतो. पहिल्यास वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही बहुधा दगावतो. अपघात झाल्यास कोणीही आत न उतरता अग्निशमन दलास १०१ क्रमांकावर कळवावे. टाकीजवळ विडी किंवा दिवा नेऊ नये.

संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून टाकीची सफाई करविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूबद्दल वारसांस ३० लक्ष रुपये भरपाई देण्यात यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला आहे. म्हणून उपसा यंत्राच्या गाडीनेच करवावा.

प्रतिबंधक उपाय

१. दर दोन ते तीन वर्षांनी, शक्यतो उन्हाळ्यात, गाळ उपसावा.

२. छपराचे व अंगणाचे पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्यावर जाऊ देऊ नये. न्हाणीचे पाणी परसबागेस द्यावे.

३. चिंध्या, प्लास्टिक, राख व खरकटे तेल शौचालयात टाकू नये. तीव्र आम्ल व फिनेल यांचा अतिवापर टाळावा. त्याने उपयुक्त जंतू मरतात.

४. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर व शक्यतो उताराच्या खालच्या बाजूस असावा.

५. टाकीवर गाडी नेऊ नये. झाकणे मजबूत असावीत व वायुनळीच्या तोंडास जाळी लावावी.

गाळाचा उपयोग

टाकीतील ताजा गाळ शेतात टाकू नये. त्यात जंतांची अंडी व रोगजंतू असतात. तो नदी-नाल्यात सोडणेही तितकेच घातक आहे. त्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राकडेच तो न्यावा. ज्यांना सोनखत हवे असेल त्यांनी नवीन शौचालय बांधताना दोन खड्ड्यांची पद्धत स्वीकारावी. एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा वापरावा. बंद खड्ड्यातील मैल्याचे निदान एक वर्षानंतर कोरडे व निर्गंध खत होते.

गाव-पातळीवरील कार्यकर्त्यांनी वैशाखात घरोघरी जाऊन प्रत्येक टाकी शेवटी केव्हा उपसली याची नोंद घ्यावी. मृगापूर्वी केलेल्या या तपासणीने पावसाळ्यातील घाण व रोगराई टळेल, आणि घाईघाईने कोणास टाकीत उतरविण्याचा प्रसंगही येणार नाही.