उत्प्लावकता जाकिटाविना स्कूबा डायव्हिंग
उत्प्लावकता जाकिटाविना स्कूबा डायव्हिंग म्हणजे हवा भरता-सोडता येणारे जाकीट न घालता, हवेची टाकी पट्ट्यांनी पाठीवर बांधून पाण्याखाली जाणे. जाक-ईव्ह कूस्तो व एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये ॲक्वालंग विकसित केले, तेव्हा पाणबुडे असेच उतरत.

१० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. निओप्रीन पोशाखातील वायू आकसून पाणबुड्या जड होतो. मालवणच्या उबदार समुद्रात पातळ पोशाख पुरत असल्याने हा फरक कमी राहतो. समतोल श्वास कमी-अधिक भरून राखतात. मात्र वर येताना श्वास रोखल्यास प्रसरण पावणाऱ्या हवेने फुप्फुस फाटू शकते. पृष्ठभागावर जाकिटाचा आधार नसल्याने कमरेचा वजनाचा पट्टा एका हाताने तत्काळ सोडता येणे आवश्यक असते.