शंकाविष : न झालेल्या गुप्तरोगाची चिकित्सा

कुळगाव-बदलापूर परिसरात व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांस एक रुग्ण चांगला परिचित आहे. तो चिकित्सालयातील गर्दी ओसरल्यावर येतो. केसपेपरवर 'अशक्तपणा' किंवा 'लघवीची जळजळ' एवढेच लिहवून घेतो. नाडीपरीक्षा झाली, औषध लिहून झाले, तरी उठत नाही. अखेर मान खाली घालून विचारतो, "डॉक्टर, एकदाच चूक झाली. मला काही झालं असेल का?" अधिक विचारणा केली असता कोठे केवळ चुंबन घडलेले असते, कोठे लॉजवर करून घेतलेली मालिश, तर कोठे निरोध वापरून आलेला संबंध. तपासणीत काहीही आढळत नाही. तरीही त्याची झोप उडालेली असते, वजन उतरलेले असते आणि पत्नीच्या जवळ जाणे तो महिनोन्महिने टाळत असतो. अंबरनाथच्या एमआयडीसीतील कामगार असो वा पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणारा कारकून, चित्र हेच. स्त्रियाही येतात, त्यांची शंका बहुधा श्वेतप्रदराच्या तक्रारीआड दडलेली असते. अशा रुग्णाचे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ग्रंथोक्त आधार

या अवस्थेस आपल्या शास्त्रात नाव आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २३व्या अध्यायात 'शंकाविष' वर्णिले आहे. गडद अंधारात काहीतरी टोचते, विषारी दंश झाला अशी शंका येते आणि त्या उद्वेगानेच ज्वर, छर्दी, मूर्च्छा, दाह, ग्लानी, मोह, अतिसार ही लक्षणे उत्पन्न होतात. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सर्पदंशाचे सर्पित, रदित व निर्विष असे प्रकार सांगून, काही तज्ज्ञ 'सर्पांगाभिहत' हा आणखी एक प्रकार मानतात असे म्हटले आहे. भित्र्या मनुष्यास सर्पाच्या अंगाचा नुसता स्पर्श होतो, भयाने वायू प्रकुपित होतो आणि शोथ येतो. दंश झालेलाच नसतो.

आमच्या मते आपला रुग्ण हा अगदी सर्पांगाभिहत होय. यातून दोन बोध घ्यावयाचे. पहिला असा की, विष नसले तरी लक्षणे खरी असतात. म्हणून त्याला हसून वाटेला लावणे ही चिकित्सा नव्हे. दुसरा असा की, चरकाचार्यांनी शंकाविषावर शर्करा, द्राक्षा, यष्टिमधु, मध यांच्या जोडीला सांत्वन व हर्षण सांगितले आहे आणि वैद्याने आश्वासन देत उपचार करावेत, असा स्पष्ट निर्देश केला आहे. मात्र दंश आहे की नाही हे आधी पाहिले पाहिजे. न तपासता दिलेला धीर रुग्णाला पोकळ वाटतो, आणि कधीकधी तो धोक्याचाही ठरतो.

जोखमीचा निवाडा

म्हणून प्रथम एकांतात स्पष्ट शब्दांत इतिवृत्त घ्यावे : काय घडले, केव्हा घडले, निरोध होता काय, तो फाटला काय. हस्तांदोलन, आलिंगन, एकत्र भोजन, सामायिक स्नानगृह, डासांचा दंश यांमुळे एचआयव्हीची लागण होत नाही. कपडे घालून झालेल्या स्पर्शाने वा हाताने केलेल्या मालिशनेही होत नाही. निरोधाचा नीट वापर झाला असल्यास धोका पुष्कळच घटतो. मुखमैथुनातून एचआयव्हीची शक्यता अत्यल्प असली, तरी फिरंग, पूयमेह व नागीण वर्गातील हर्पिस यांचा संसर्ग होऊ शकतो. तेव्हा तेथे तपासणी योग्यच.

कालमर्यादाही ध्यानात असाव्यात. पूयमेहाची लक्षणे पुरुषांत बहुधा आठवड्याभरात दिसतात; स्त्रियांत पुष्कळदा दिसतच नाहीत. फिरंगाचा व्रण १० ते ९० दिवसांत उमटतो. एचआयव्हीसाठी प्रतिजन व प्रतिपिंड दोन्ही शोधणारी प्रयोगशाळेतील चाचणी ४५ दिवसांनंतर, तर केवळ प्रतिपिंडांची चाचणी तीन महिन्यांनंतर निर्णायक मानावी. संबंध खरोखरच जोखमीचा असेल आणि ७२ तास उलटले नसतील, तर एक तासही न दवडता रुग्णाला शासकीय रुग्णालयात पाठवावे. तेथे २८ दिवसांची प्रतिबंधक औषधयोजना मिळू शकते. जितकी लवकर सुरू होईल तितकी उत्तम. शासकीय आयसीटीसी केंद्रांत समुपदेशन व तपासणी विनामूल्य होते. १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन रुग्णाला अवश्य सांगावी. संमतीवाचून तपासणी वा माहितीचा बभ्रा करणे १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यान्वये निषिद्ध आहे.

शंका निराळी, अपराधभाव निराळा

रिपोर्ट निगेटिव्ह येतो, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी रुग्ण पुन्हा दारात उभा राहतो : "लॅबची चूक तर नसेल?" येथेच आपली खरी कसोटी आहे. शंकेचे उत्तर रक्ततपासणी देऊ शकते. अपराधभावाचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. आपल्याला रोग आहे काय, एवढेच तो विचारीत नसतो. शिक्षा केव्हा होणार, याची तो वाट पाहत असतो. संसर्ग जंतूंच्या नियमांनी होतो, पापपुण्याच्या हिशेबाने नव्हे, हे त्याला शांतपणे सांगावे. नीतीचे प्रवचन नको आणि 'काही नाही हो, विसरून जा' असेही नको. त्याला आपले वर्तन सलत असेल, तर पुढे कसे वागायचे हे त्याने ठरवावे. तो सद्वृत्ताचा प्रश्न आहे. त्यासाठी आजारी पडण्याची आवश्यकता नाही.

योग्य काळी केलेली निर्णायक चाचणी पुरेशी आहे. नवे निमित्त नसताना वारंवार चाचणी केल्याने शंका शमत नाही, उलट पोसली जाते. लक्षणांचा अर्थही समजावून सांगावा : वारंवार लघवी, मुंग्या, कोरडे तोंड, पातळ शौच हे चिंतेनेही होते. शिश्नमुंडाच्या कडेचे मोत्यांसारखे बारीक कण अनेक निरोगी पुरुषांत असतात. जंतुनाशकाने दिवसातून चार वेळा धुतल्यास त्वचेची आग होणारच. सत्त्वावजयाच्या जोडीला ब्राह्मी, जटामांसी, शिरोधारा यांची योजना करता येईल. परंतु महिनाभरात उद्वेग न ओसरल्यास मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. जीव देण्याचे विचार येतात काय, हे सरळ विचारावे. १४४१६ ही टेलिमानस सेवा अशा वेळी उपयोगी पडते.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती

हा रुग्ण आपल्याकडे येण्याआधी बहुधा औषधाच्या दुकानात जाऊन आलेला असतो. प्रतिजैविकांचा अर्धवट कोर्स किंवा 'रक्तशुद्धी'च्या महागड्या बाटल्या त्याच्या हाती देणे म्हणजे 'तुला रोग आहे' हे न बोलता सांगणे होय. भावमिश्रांनी फिरंगावर रसकर्पूर सांगितले ते निदान झालेल्या रोग्यासाठी. ज्याला फिरंग नाही त्याच्या पोटात पारदकल्प घालणे म्हणजे शंकाविषावर खरे विष पाजणे. गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४च्या औषधी व जादूटोणा उपचार कायद्याने बंदी आहे, हेही विसरता कामा नये.

महाराष्ट्राला या कामी थोर परंपरा लाभली आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि लोक ज्या प्रश्नांनी आतल्या आत कुढत होते त्यांची छापील उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आज असे उत्तर देण्यासाठी कोणास न्यायालयात जावे लागत नाही. दार लोटून घेऊन, पंधरा मिनिटे त्या रुग्णाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. तेवढा वेळ आम्ही दिला नाही, तर भीतीचा धंदा करणारे तो आनंदाने देतील, आणि त्याचे मोल रुग्णाबरोबर घरातील ती माउलीही मोजील, जिला आपला नवरा दूर का गेला हे कधी कळतच नाही.