भिंतीतले ग्रंथालय

महानगरातील सदनिकेत वीतभर जागेलाही मोल असते. त्यामुळे घरात अडचण होऊ लागली, की पहिली गदा बहुधा पुस्तकांवर येते. हे टाळायचे असेल, तर घराची आखणी करतानाच ग्रंथांची जागा निश्चित करावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकात मुंबईतील दादर येथे ‘राजगृह’ बांधले, तेव्हा वाढत्या ग्रंथसंग्रहाला पुरेशी जागा मिळावी, हा त्यांचा प्रमुख हेतू होता.

स्वतंत्र वास्तू उभारणे सर्वांना शक्य नसते. परंतु ही दृष्टी सदनिकेतही जपता येते. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत फडताळे असत. आजच्या भिंती पातळ असल्या, तरी दोन खांबांमधील खोलगट जागेत आणि दारावरच्या मोकळ्या भागात फळ्या बसवता येतात. बहुतेक पुस्तकांना सुमारे २५ सेंटिमीटर खोली पुरते. लांब फळी ओझ्याने मधोमध वाकते. म्हणून दर अडीच-तीन फुटांवर उभा आधार द्यावा. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते व पुस्तकांना बुरशी लागते. यासाठी शक्यतो आतील भिंत निवडावी आणि फळ्यांमागे हवा खेळती ठेवावी.

एका खोलीच्या घरातही पुस्तकांसाठी एक फळी राखता येते. माळ्यावर बांधून ठेवलेले पुस्तक विस्मृतीत जाते. नजरेसमोरचे पुस्तक मात्र पुन्हा पुन्हा उघडले जाते. घरातील मुलांनाही वाचनाची वाट तेथूनच सापडते.